पेवावरची वाळू

फार पूर्वी, धान्य जमिनीच्या पोटात साठवायची रीत होती तेव्हा, एका गावात दोघे भाऊ राहत. गावाचं बियाणं पेवात भरून, पावसाळ्याआधी पेवाचं तोंड बंद करायचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं. बाप होता तोवर तो करी. त्याच्यामागे ते दोघांकडे आलं.

रीत ठरलेली होती. पेवाच्या तोंडावर फरशी ठेवायची, तिच्यावर नदीतली जाड वाळू पसरायची आणि वाळूवर बारीक पांढरी माती चढवून तिला चहूबाजूंनी उतार द्यायचा.

धाकटा हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "दादा, वाळूतनं पाणी पळतं. मग पाण्याला अडवायला वाळू कशाला घालायची?"

थोरला म्हणाला, "बाबा घालायचे."

"पण का घालायचे?"

थोरल्याने हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

धाकट्याने मग गावासमोर परीक्षाच घेतली. बुडाला भोक पाडलेली दोन मडकी आणली. एकात वाळू भरली, दुसऱ्यात माती दाबून भरली आणि दोन्हींवर तांब्या तांब्या पाणी ओतलं. वाळूच्या मडक्याखालून धार लागली. मातीच्या मडक्याखाली थेंब पडला नाही. लोकांनी माना डोलावल्या. डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीला कोण नाही म्हणणार?

त्या वर्षी दोन पेवं भरली होती. एकात पूर्वेच्या आळीचं बियाणं होतं आणि दोघा भावांचंही त्यातच होतं. ते थोरल्याने जुन्या रीतीने बंद केलं. दुसऱ्यात पश्चिमेच्या आळीचं होतं. ते धाकट्याने वाळू न घालता, फरशीवर नुसती माती ठोकून ठोकून बंद केलं.

तिथे एक म्हातारी उभी होती. तिचं एकच शेत होतं आणि मागेपुढे कुणी नव्हतं. "लेकरा, माझं सगळं बी यात आहे बरं," ती म्हणाली.

"आजी, निर्धास्त राहा. थेंब शिरायचा नाही."

पावसाने त्या वर्षी झड लावली. उघडीप मिळाल्यावर, रब्बीच्या पेरणीसाठी पेवं उघडली. थोरल्याच्या पेवातली ज्वारी कोरडी खडखडीत होती. धाकट्याच्या पेवातून आंबूस वास आला. ज्वारीला मोड येऊन ती तशीच कुजली होती.

लोक एकमेकांकडे बघू लागले. भावांचं स्वतःचं बियाणं मात्र शाबूत! "कुठंतरी पाणी मुरतंय," एकजण म्हणाला. मुरलं होतं खरंच, पण त्याला म्हणायचं होतं ते वेगळंच. धाकट्याला ते झोंबलं. लबाडी त्याने केली नव्हती, पण हे पटवून कसं देणार?

तो थोरल्याच्या पेवापाशी गेला आणि तोंडाच्या कडेला उरलेली माती हाताने उकरू लागला. माती खालपर्यंत ओली होती, मळलेल्या कणकेसारखी. तिच्याखाली वाळू लागली. ती कोरडी होती. ओल वाळूच्या उंबरठ्यापर्यंत आली होती आणि तिथेच थांबली होती. त्याच्या पेवात वाळूच नव्हती, म्हणून तीच ओल फरशीच्या फटींतून दाण्यांपर्यंत झिरपली होती.

त्याने पुन्हा मडकं आणलं. या वेळी खाली वाळू भरली, वर माती भरली आणि पाणी ओतलं. बारीक मातीने पाणी आपल्या चिमुकल्या फटींत घट्ट धरून ठेवलं. वाळूच्या मोठाल्या फटींना ते मातीकडून ओढून घेता येईना. आणखी ओतत राहिल्यावर, मातीला धरवेना तेव्हा कुठे, वाळू भिजली. तेवढी वेळ येऊ नये म्हणून तर वर उतार होता. जास्तीचं पाणी बाजूने निघून जाई.

"वाळू पाणी अडवत नाही, हे मी बरोबर पाहिलं होतं," धाकटा म्हणाला. "मातीखाली ती काय करते, ते पाहिलं नाही."

थोरला खाली मान घालून म्हणाला, "मला तरी कुठं ठाऊक होतं? ठाऊक असतं तर तुला अडवला नसता का?"

धाकट्याने थोरल्याच्या पेवातला आपल्या वाटणीचा सगळा दाणा काढला आणि म्हातारीच्या दारात नेऊन ठेवला. उरलेल्या आळीला थोरल्याने आणि पूर्वेच्या लोकांनी थोडं थोडं दिलं. त्या वर्षी गावातली सगळी शेतं विरळ का होईना, पेरली गेली. धाकट्याचं तेवढं पडीक राहिलं. पाणी मुरतंय म्हणणारा माणूस त्या शेतावरून जाताना दुसरीकडे बघत जाई.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी आपलं बियाणं घेऊन धाकट्याकडेच आली. "तूच बंद कर," ती म्हणाली. "आता तुझ्याइतकं जपून कुणी करणार नाही."

तात्पर्य एवढंच: एकटं काढून पाहिलं की जे निरुपयोगी दिसतं, ते आपल्या जागी, आपल्या सोबत्याजवळ काय करतं हे पाहिल्याशिवाय फेकू नये, आणि जे सांभाळायचं, ते का सांभाळायचं हेही विचारून ठेवावं.