वेढ्यातलं डोहाळजेवण

साळुंकगडाला वेढा पडला तसा किल्लेदार तुळाजीरावांनी हुकूम सोडला, “शिपाई नवरा-बायकोंनी वेगळं राहायचं. खाणारी तोंडं वाढवायची नाहीत. जी गरोदर राहील, तिला नवऱ्यासकट गडाखाली हाकलीन!”

वेढा लांबला आणि गोलंदाज हौसाचं पोट दिसू लागलं. किल्लेदार कडाडले, “नवऱ्याला घे आणि चालती हो!”

“होते की, सरकार,” हौसा म्हणाली. “पण आम्हाला हाकललेलं बघून गनीम ओळखेल, गडावरचं धान्य संपत आलंय. त्यापेक्षा बुरुजावर माझं डोहाळजेवण करा. ताटं रिकामी असली तरी खालून थोडीच दिसतात?”

डोहाळजेवण वाजतगाजत झालं. ‘यांची कोठारं अजून भरलेलीच आहेत,’ म्हणत कंटाळलेल्या गनिमाने वेढा उठवला.

“आता माझ्या हुकमाचं काय करू?” किल्लेदारांनी पाळणा हलवत विचारलं.

“राहू द्या, सरकार. पुढच्या वेढ्यात पुन्हा मोडायला लागेल.”