खारीचे एका दाराचे कोठार

सागाच्या एका रानात एक खार राहत असे. कष्टाळू म्हणाल तर तिच्यासारखी तीच, पण विसराळूही तेवढीच! चिंचोका पुरला की जागा गेलीच डोक्यातून. गेल्या पावसाळ्यात तर तिने पुरलेल्या दाण्यांची रोपे उगवली आणि ती बापडी त्यांच्याखाली उपाशी बसली. यंदा मात्र तसे चालणार नव्हते. ऐन पावसात तिला पिल्ले होणार होती. आईच्या पोटात अन्न नसेल तर पिल्लांना दूध कुठून मिळणार? म्हणून सगळा साठा एका जागी करायचे तिने ठरवले आणि सल्ला विचारायला ती शेजारणींकडे गेली.

मुंगीने आपले वारूळ दाखवले. लहान लहान खोल्या, आधी आलेला दाणा आधी खायचा, ऊन पडले की उरलेले बाहेर आणून वाळवायचे. ऐकूनच खारीला दम लागला. घुशीचे बीळ तिला फार आवडले. एकच मोठा खड्डा, वरून ओतायचे आणि वरूनच काढायचे. खारीने लगेच एका ऐनाच्या झाडाची पोकळ ढोली निवडली. पहिल्या बहराच्या टपोऱ्या चारोळ्या तिने तळाशी घातल्या. त्या बाळंतपणासाठी! त्यांवर शेंगा, शेंगांवर चिंचोके. भूक लागली की ती वरचे खाई आणि नवे आणून पुन्हा वरच टाकी. ढोली काठोकाठ भरलेली पाहून सारे रान तिचे कौतुक करी आणि ती शेपटी फुलवून ऐकून घेई.

पुढे पावसाची झड लागली आणि खारीला तीन पिल्ले झाली. अजून डोळेही न उघडलेली, नुसती दुधासाठी चुळबुळणारी. आता चारोळ्या खाव्यात म्हणून ती चिंचोके, शेंगा बाजूला सारत तळाशी उतरली, तर काय! चारोळ्यांचा काळा, बुरसट गोळा झाला होता. हात लावला तर गरम लागत होता, आणि वरच्या शेंगांनाही ओल चढू लागली होती. सगळेच असे नासले तर पिल्लांचे कसे होणार? तिला रडूच कोसळले.

तिचे रडणे ऐकून घूस भिजत आली आणि आत डोकावून ओशाळली. "बाई गं, माझं चुकलंच," ती म्हणाली. "माझी बारा पोरं खड्ड्याचा तळ आठवड्यात गाठतात. माझ्याकडे काही नासायला उरतच नाही. तू एकटी खाणारी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

पावसाला कंटाळून मुंगी त्याच खोडावर चढून बसली होती. ती खारीला टोचून बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "ताई, तुझे दात शाबूत आहेत ना? मग तळाशी एक दार पाड."

खारीने डोळे पुसले आणि कुरतडायला घेतले. घुशीने बाहेरून नख्या लावल्या. भोक पडताच नासलेला गोळा घुशीने ओढून काढला, आत वारा खेळू लागला आणि वरच्या शेंगा आपोआप खाली सरकल्या. ऊन पडल्यावर मुंग्यांच्या रांगांनी ओलसर दाणे सुकवायला मदत केली. चारोळ्या गेल्या त्या गेल्याच, पण बाकीचे वाचले. खारीने खालच्या दारातली पहिली शेंग तिथेच उभ्या उभ्या खाल्ली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या उन्हाळ्यात पिल्ले वरून दाणे टाकत आणि आई खालून काढी. एकदा धाकट्याने टपोऱ्या चारोळ्या पाहून म्हटले, "आई, या नको ना खायला. पावसाळ्यासाठी ठेवू या."

खारीने त्याच्या पाठीवरून शेपटी फिरवली. "पावसाळ्याला नव्या आणू, राजा. या आधी आल्यात, या आज खा."

तात्पर्य : कोठारात किती मावते एवढेच पाहून भागत नाही. आपण किती खाणार आणि आधी ठेवलेले आधी कसे निघणार, हे पाहून साठवण निवडावी. दुसऱ्याला सोयीची ती आपल्यालाही सोयीची असेलच असे नाही.