दाराशी आलेलं गिधाड

फार पूर्वी एका रानात प्राण्यांनी जखमींसाठी मदत मंडळ काढलं. एके दिवशी पंख मोडलेलं गिधाड दाराशी आलं.

"याला हाकला! हा आपल्या मरणावर टपलेला," अध्यक्ष मोर फणकारला.

शुश्रूषा करणाऱ्या हरिणीलाही भीती वाटलीच, तरी तिने पंखाला पाला बांधला.

"मी मरणाची वाट बघतो खरी, ताई," गिधाड म्हणालं, "पण कुणाला मारत नाही."

उन्हाळ्यात पाणवठ्यावर गवा मरून सडला, पिल्लं आजारी पडू लागली. बऱ्या झालेल्या गिधाडाने भाऊबंद बोलावून काठ लख्ख केला.

मोर ओशाळला. "गिधाडभाऊंना मंडळावर घेऊ या का?"

"विचारलं मी," हरिणी हसली. "म्हणाले, बाहेर तरस लंगडत उभा आहे, आधी त्याला आत घ्या."