चिंधी नसलेला वाफा

"बाबा, हे विष इथे कशाला?"

उघडी पेटी दिसली आणि माझ्या तोंडून आधी हा प्रश्न निघाला. नमस्कार राहूनच गेला.

मी काय समजून आले होते! टेकडीवरचा लहानसा दर्गा, त्याच्या अंगणात देशी गुलाबांचे सात वाफे, आणि चाळीस वर्षं ते सांभाळणारे हयातशा फकीर. परदेशात पाच वर्षं मी मातीचं शास्त्र शिकले. तिथल्या प्रत्येक मित्राला सांगितलं, आमच्याकडे एक फकीर आहे, तो नुसत्या हाताने आणि पाण्याने गुलाब निरोगी ठेवतो. परत आल्यावर घरी चार दिवसही थांबले नाही. त्यांच्याकडे शिकायला आले.

आणि दिसलं काय? एक लोखंडी पेटी. तिच्यात कीटकनाशकाची बाटली, लेबल शाबूत. रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा एक विटका सदरा, मापाचा पेला.

"विष आहे," बाबा म्हणाले, "म्हणून पेटीत आहे."

"फेकून द्या."

"कुठं?"

मी आजूबाजूला पाहिलं. उताराखाली विहीर होती. डावीकडे शाळेचं मैदान. मागे बकऱ्या चरत होत्या.

…

"सुचलं की सांग," असं म्हणून त्यांनी पेटीला कुलूप घातलं.

त्यांची पद्धत मी आठवडाभर पाहिली. रोज सकाळी ते ओल्या अंगठ्याने कोवळ्या शेंड्यांवरची माव्याची कीड पुसत. जास्त वाटलं तर साबणाचं पाणी. तेही हरलं तरच, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, वारा पडलेला आणि मधमाश्या परतलेल्या बघून एका वाफ्यावर फवारणी. मग त्या वाफ्याच्या खुंटीला काळी चिंधी बांधायची. चिंधी असेपर्यंत तिथली फुलं तोडून पुरायची. कुणाला द्यायची नाहीत.

कारण इथली फुलं लोक खातात. नवस बोललेली बाई, हिंदू असो की मुसलमान, ओंजळीतली पहिली पाकळी उंबऱ्यावरच तोंडात टाकते. उरलेल्या पदरात बांधून घरच्यांसाठी नेते. सगळे त्याला प्रसादच म्हणतात.

मला ती चिंधी म्हणजे पराभवाची कबुली वाटली. तसं मी बोलूनही दाखवलं. जो माणूस विष हाताळतो त्याने गुलाबाला हात लावू नये, असं काहीतरी. बाबा रागावले नाहीत. तुमच्या त्या देशात किडे शिकलेले असतात का, सांगितलं की निघून जातात, एवढंच त्यांनी विचारलं.

मी एक वाफा मागितला. त्यांनी सातवा दिला.

"किडे तुझे. फुलंही तुझी."

पंधरा दिवसांत माझ्या वाफ्यावर मावा चढला. अंगठ्याने पुसत बसण्याइतका धीर मला नव्हता. मला सिद्ध करून दाखवायचं होतं. धोत्र्याची आणि कण्हेरीची पानं, तंबाखू, मिरची, लसूण असं सगळं गोमूत्रात उकळलं, दोन दिवस ठेवलं आणि गाळलं. वासाने बकऱ्या लांब पळाल्या. बाबा नाकाला उपरणं लावून पाहायला आले.

"तंबाखू किती घातलीस?"

"अंदाजाने."

"फुलं किती दिवस तोडायची नाहीत?"

मी हसले. त्यांना समजावून सांगितलं की यात रसायन नाही, सगळा झाडपाला आहे, आपल्या मातीतला आहे, ज्याला घाबरायचं ते कारखान्यात बनतं. मी बरंच बोलले. मला बोलायला आवडायचं.

"धोत्रापण आपल्याच मातीतला," बाबा म्हणाले.

"हो. निसर्गाचाच आहे ना?"

…

बुधवारी मी फवारणी केली, भर उन्हात, उघड्या हातांनी. संध्याकाळी पाहते तर माझ्या वाफ्याच्या खुंटीला काळी चिंधी. बाबांनी बांधलेली.

मला ती झोंबली. कुणीतरी माझ्या कपाळावर बांधावी तशी.

गुरुवारी सकाळी खालच्या वस्तीवर कुणी वारल्याचा निरोप आला. बाबा मयतीला गेले. जाताना म्हणाले की गुरुवार आहे, लोक येतील, सहा वाफ्यांची फुलं टोपलीत आहेत, तेवढी वाट. सातव्याचं नाव त्यांनी काढलं नाही. काढायची गरज नव्हती, खुंटीवर चिंधी होती.

ते उतारावरून दिसेनासे झाले आणि मी चिंधी सोडली.

दहा वाजेपर्यंत टोपली संपली. अकराच्या सुमाराला एक सासू आणि तिची सून आल्या. बाबा नाहीत म्हटल्यावर सासू पायरीवरच बसली. सुनेला सात वर्षांनी दिवस गेले होते. इथेच बोललेला नवस. पहिली पाकळी इथेच तिच्या तोंडात पडायला हवी, दोन गाड्या बदलून त्या त्यासाठी आल्या होत्या.

सून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. धापा टाकत होती, पण हसत होती. माझं शिक्षण ऐकून तिने मला विचारलं की एवढी शिकलेली बाई इथे किडे वेचायला कशी आली. मी म्हटलं, शिकायला आले. तर म्हणाली, मग माझ्या सासूकडे या, ती दिवसभर तांदळातले वेचायला लावते.

आम्ही तिघीही हसलो.

मी माझ्या वाफ्यातली सगळ्यात मोठी सात फुलं तोडली. त्यांच्यासमोर. अभिमानाने सांगितलं, "यावर औषध नाही. निर्धास्त खा."

सुनेने ओंजळ कपाळाला लावली. पाकळी तोंडात टाकली. चावली.

"कडू लागतंय, आत्या."

"बाबाचं हाय ते," सासू म्हणाली. "कडू कसं असंल? गीळ गप."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं असतं तर तिने थुंकलं असतं. सासूचं ऐकलं नसतं, माझं ऐकलं असतं. मी शिकलेली होते.

मी मान हलवली. गीळ, अशी.

तिने गिळलं. नवस पुरा फळावा म्हणून आणखी चार पाकळ्या खाल्ल्या. उरलेली फुलं पदरात बांधली, आणि दोघी उतारावरून खाली गेल्या.

बाबा दुपारी परतले. पाय धुता धुता त्यांची नजर सातव्या वाफ्याकडे गेली. खुंटी मोकळी. सात देठ तुटलेले.

"कुणाला दिलीस?"

मी सांगितलं. मग न विचारताच बाकीचं सांगत सुटले. की हे विष नव्हे. की पूर्वी सगळे हेच करत. की चार-पाच पाकळ्यांनी कुणाला काही होत नाही. की तुमच्या त्या पेटीतल्या बाटलीपेक्षा…

बाबा माझ्या वाफ्याशी गेले. एक फूल तोडलं. त्याची पाकळी सोडवली आणि तोंडाकडे नेली.

मी धावले. त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

आम्ही तसेच उभे राहिलो. त्यांचा हात म्हातारा होता, तरी खाली येत नव्हता. मी आणखी जोर लावला.

"झाडपाला आहे," ते म्हणाले. "सोड."

मी सोडलं नाही.

…

"तिचा हात का नाही धरलास?"

त्यानंतर आम्ही दोघे उतारावरून जवळजवळ पळत खाली गेलो. बाबा वाटेत दोनदा बसले. फाट्यावरचा चहावाला म्हणाला की हो, सासू-सून होत्या, मिळेल त्या गाडीत चढल्या, पोरीला मळमळत होतं, पण असल्या दिवसांत तसं व्हायचंच. गाडी कुठल्या रस्त्याला वळली ते त्याने पाहिलं नव्हतं. फाट्यावरून तीन रस्ते फुटतात.

मी आरोग्य केंद्रांना फोन केले. पलीकडच्याने रुग्णाचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. गाव विचारलं. माहीत नव्हतं. काय खाल्लं, ते सांगितलं. किती, म्हणून विचारलं. पाच पाकळ्या. त्यांवर किती? पाण्यात तंबाखू किती, धोत्रा किती?

अंदाजाने, मी म्हटलं.

मग त्याने विचारलं, बाटलीवर काही लिहिलंय का, बघा.

बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. ती सरबताची जुनी बाटली होती, उरलेला काढा तिच्यात भरलेला. परत वर आले तेव्हा ती दर्ग्याच्या मागच्या चुलीजवळ उभी होती, पाण्याच्या माठाशेजारी, मी ठेवली होती तिथेच. मी ती उचलून बाबांच्या पेटीपाशी नेली. त्यांनी किल्ली दिली. कागदावर मी काय काय घातलं ते लिहून बाटलीला चिकटवलं. प्रत्येक नावापुढे किती, ते लिहायची जागा कोरी राहिली.

त्या संध्याकाळी आलेल्या चौघांना बाबांनी फुलं नाहीत म्हणून परत पाठवलं. एक म्हातारी बडबडली, फकिराचापण आता हात आखडला. बाबांनी तिची माफी मागितली. चूक माझी आहे, म्हणाले. मी मागेच उभी होते. चूक खरी माझी, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही पुढे झाले नाही.

सकाळी उठले तेव्हा ठरलेलं होतं. तीन रस्त्यांवर मिळून एकतीस गावं होती. प्रत्येक गावात जायचं, सात वर्षांनी दिवस गेलेली सून कुणाच्या घरी आहे ते विचारायचं. दार उघडलं की आधी सांगायचं, मी तुमच्या पोरीला विष खाऊ घातलंय. मग नाव सांगायचं.

बाबा पहिल्या वाफ्यात बसून ओल्या अंगठ्याने मावा पुसत होते. मी पिशवी खांद्याला लावून त्यांच्यासमोर उभी राहिले. काय ठरवलंय ते सांगितलं. त्यांनी ऐकलं.

"सापडलीच नाही तर?" मी विचारलं.

त्यांनी पुढचा शेंडा हातात घेतला.

…

"आणि ती ठणठणीत सापडली तर, बाबा?"

त्यांचा अंगठा थांबला.

"तर मला तुझी जास्त भीती वाटेल."