निळीचा सरळ धागा

एका राज्यात नदी मेली होती, आणि ती राजगुरू वक्रतपानं मारली होती. दोष दुसऱ्या कुणाचाही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या राज्यात म्हाताऱ्यांचं नाव घ्यायचं झालं की लोक आधी पायताण काढून हात जोडत.

पूर्वी नदी खळाळायची, भोवरे घालायची. राजगुरूला तो उद्धटपणा वाटला. त्यानं मंत्र घातला: वरचं पाणी वर, खालचं खाली, थरानं थराला शिवायचं नाही. मग दर पुनवेला घाटावरून निळीची धार सोडायची प्रथा पडली. निळीचा धागा पुलापर्यंत न तुटता सरळ गेला, की थोर मंडळी माना डोलवीत, "राज्य शिस्तीत आहे."

तळाशी वारा पोहोचेना. मासे गुदमरले. जो बुडे तो खालच्या थरात उघड्या डोळ्यांनी पडून राही. मरेना, वर येईना. अरिंजयची धाकटी बहीण इरा तिथंच पडली होती. त्यानं पाठशाळेत वक्रतपाला विचारलं, "गुरुजी, तिला वर कोण आणणार?"

"जो तो आपल्या थरात शोभतो, बाळ."

अरिंजयनं पाटी वक्रतपाच्या पायाशी फोडली नि चालता झाला.

घाटावर खंड्या पक्षी बसला होता. मासे संपल्यानं उपाशी, म्हणून चिडका.

"रडतोस काय? पाणी माजलं पाहिजे. ते दाट केलंय, कोंडलंय, संथ केलंय. तिन्ही मोड."

"एकानं नाही भागणार?"

"भागलं असतं तर मी उपाशी बसलो असतो?"

पाणी दाट होतं ते राजगुरूनं उगमाशी पुरलेल्या डिंकाच्या घागरीमुळं. घागरीवर नाग होता. "बाजूला हो," अरिंजय म्हणाला. "आजवर कुणी सांगितलंच नाही," नाग म्हणाला, आणि झाला बाजूला. घागर फुटली. त्या पुनवेला निळीचा धागा तरी सरळच.

मग काठाच्या मंतरलेल्या भिंती. त्या फक्त शिव्यांनी पडत. अरिंजयपाशी शिव्यांना तोटा नव्हता. पात्र पसरलं. पुढच्या पुनवेला धागा थरथरला, पुन्हा सरळ झाला.

उरलं पाणी संथ करणाऱ्या बांधाचं लोखंडी दार. एकानं रहाट ओढायचा, दुसऱ्यानं खाचेत खुंटी मारायची, अशी त्याची रीत. अरिंजयनं दार वर ओढलं आणि पुनवेची निळीची धार बघायला बांधावर जमलेल्या थोरांना ओरडला, "खुंटी मारा! दोर सुटतोय!"

राजा म्हणाला, "गुरुदेव, काय आज्ञा?"

"मुहूर्त पाहतो," वक्रतप म्हणाला.

"अरे राजा, तुझीच माणसं पडलीत तळाला!"

"मोठ्यांशी नीट बोल," राजा म्हणाला.

एकही जण हलला नाही. दोर सुटला. दार खाली येताना अरिंजयनं खुंटीच्या जागी आपला हात घातला.

पाणी सुसाटलं. धागा वळला, पिळला, तुटला, आणि अख्खी नदी निळी झाली. तळचं वर आलं, वरचं तळाला गेलं, वारा खोल शिरला. बुडालेली माणसं खोकत, राजगुरूचा उद्धार करत काठाला लागली. इरा त्यांत होती. वक्रतपाची विद्या त्याच पाण्यात विरघळली. उरला तो नुसता म्हातारा.

नदीत मासे आले. खंड्या जेवला. इरानं निळीचा रांजण लाथेनं लोटला, प्रथा संपली. हे सारं थोरांच्या आशीर्वादानं झालं, अशी राजानं दवंडी पिटवली.

अरिंजयचा उजवा हात खांद्यापासून गेला.