चार खुर्च्यांचं अंतर

“अण्णा, एकदा तरी सांगा... माझा तबला तुम्हाला आवडतो का?”

निशिकांत पोरेने तीस वर्षं गिळून ठेवलेला प्रश्न शेवटी अलास्कात, जहाजाच्या डेकवर, बाहेर पडला.

सांगलीकडचे विठोबाअण्णा गुरव, त्याचे तबल्याचे गुरू. वय एक्याऐंशी. अंगावर शाल, हात शालीत, नजर समोर. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मधे अरुंद खाडी, आणि तिच्या टोकाला निळसर हिमनदी.

शिष्याने मोठ्या हौसेने गुरूला ही सफर घडवली होती. काल जहाजावरच्या मराठी मंडळींसमोर तो वाजवायला बसला, स्वतः बांधलेली बोलांची नवी रचना, नवा कायदा, वाजवला. लोक उभे राहिले. अण्णा तेवढे बसून राहिले.

“जगभर टाळ्या मिळाल्या, अण्णा. तुमची एक ‘वाहवा’ नाही मिळाली.”

अण्णांची नजर हिमनदीवरच.

“निदान वाईट वाजवतो म्हणा!”

बिचाऱ्याने हात जोडले. पण बसला होता चार खुर्च्या सोडून. गुरूच्या बरोबरीने बसायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत, आणि निशिकांत रीत पाळण्यात कुणाला हार जाणारा नव्हता.

कप्तानाने इंजिन बंद केलं. सगळे गप्प झाले.

समोर बर्फाचा घराएवढा तुकडा सुटला, पाण्यात कोसळला... आवाज नाही.

मग, बऱ्याच वेळाने, गडगडाट आला.

“आं?” अण्णा म्हणाले. “पडला कवा, आन् वाजला कवा!”

“पडला तेव्हाच वाजला, अण्णा. आपण लांब आहोत ना. जवळ असतो तर लगेच ऐकू आला असता.” सांगताना त्याला जरा बरं वाटलं. अण्णांना काही शिकवायची संधी रोज कुठे मिळते?

“असं व्हय...”

अण्णांनी शालीचं एक टोक उचललं.

“मग हिकडं सरक की.”

“तुमच्या शेजारी? अण्णा, रीत—”

“थंडी वाजतीया मला. सरक.”

निशिकांत संकोचत शेजारी येऊन बसला. अण्णांनी शाल त्याच्याही खांद्यावर पांघरली, लहानपणी त्यांच्या घरी शिकताना त्याला ताप आला होता तेव्हा पांघरली होती तशी.

आणि त्याला ऐकू आलं.

शालीखाली, खुर्चीच्या लाकडी हातावर, अण्णांची बोटं चालली होती. अगदी हलकी. निशिकांतने श्वास रोखला. त्याचाच कायदा होता तो, कालचा. एकही बोल गाळलेला नव्हता.

त्याचे डोळे भरून आले.

“अण्णा... हे कधीपासून?”

बोटं थांबली नाहीत.

“काल तू थांबलास तवापास्नं. तूच लांब बसला हुतास.”