शेवंड्याचे पोटातले दात

एका चातुर्मासात मी नेम धरला होता: कुणाला टाकून बोलायचं नाही. उपास त्याहून सोपे हो! तेव्हा पोरांना सांगितलेली ही गोष्ट.

फार पूर्वी समुद्राच्या तळाशी, एका कपारीत एक शेवंडा राहत असे. दिसायला थोरल्या कोळंबीसारखा, मिशा मात्र अंगाहून लांब. देवाने त्याला घडवताना गंमतच केली. आत हाडं नाहीत, बाहेर टणक कवच. चव कळायची पायांना. आणि दात चक्क पोटात! त्यामुळे तोंड टोमण्यांना मोकळं.

एकदा शेजारच्या खेकडिणीचं अंग वाढलं, जुनं कवच आवळू लागलं. तिने ते उतरवलं. नवं कवच लोण्यासारखं मऊ. ती शेवंड्याच्या दारी आली.

"भावोजी, कवच टणक होईतो आत राहू द्या. बाहेर गोबरा मासा फिरतोय, मऊ दिसेल ते गिळतो."

"अगंबाई! कवच काय धुवायला टाकलंस?" शेवंडा मिशा हलवत हसला. "माझं घर म्हणजे धर्मशाळा नव्हे. जा, वाळूत लोळ."

बिचारी रडत गेली. एका खडकाखाली अंग चोरून बसली आणि देवाच्या दयेने वाचली.

पुढे शेवंड्याचंही कवच आवळू लागलं. घास उतरेना. शेवटी पाठीवर कवच उललं आणि तो कसाबसा बाहेर आला. कवचाबरोबर पोटातले जुने दातही गेले! वर पाणी पिऊन अंग असं फुगलं, की स्वतःच्याच कपारीत मावेना. डोकं आत, बाकी सगळा संसार बाहेर!

इतक्यात गोबरा आला. आ वासून.

"भावोजी, इकडे!" त्याच खडकाखालून खेकडीण ओरडली. वाळू उकरून तिने तिथे ऐसपैस घर केलं होतं. शेवंडा धडपडत तिच्याकडे शिरला. ती नांग्या उगारून दारात उभी राहिली. गोबऱ्याने तिचं टणक कवच पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शेवंडा खालमानेनं म्हणाला, "वहिनी, बोला मला. चांगलं झोडपा."

"बोलायचं आहेच," ती म्हणाली. "पण आत्ता नको, लागेल तुम्हाला. कवच टणक झालं की बोलेन."

कवच टणक झालं. शेवंडा समोर येऊन उभा राहिला. "हं, बोला आता."

खेकडीण दारातली वाळू सारखी करत होती. "अगंबाई, काय बरं बोलायचं होतं? विसरलेच मी!"

तात्पर्य: ज्याचं कवच नुकतंच उतरलंय, त्याला आधी आडोसा द्यावा. बोल मागाहून, आणि तेही जमल्यास विसरावेत.

तुमच्याही घरात आत्ता कुणीतरी मऊ असेल. नापास झालेलं लेकरू, नवी सून, नाहीतर सासूबाईही. आजच्यापुरता तरी हा नेम धराल ना? फळतो हो, नक्की फळतो.